हात पोचेल एवढी जागा

पहिल्या बैठकीला माझ्यासमोर नव्या यॉटच्या नकाशांचं जे बाड ठेवलं गेलं, त्यात सलूनची, म्हणजे बोटीतल्या दिवाणखान्याची, चित्रं चौदा पानं होती आणि मालकांच्या केबिनची सहा. इंजिन रूमच्या जागी खालच्या डेकच्या नकाशात एक करडा चौकोन होता आणि त्यात ‘यंत्रसामग्री’ एवढा एकच शब्द. व्यापारी जहाजांवर माझी सव्वीस वर्षं गेली, त्यातली शेवटची अकरा चीफ इंजिनिअर म्हणून. हे सगळं आयुष्य त्या करड्या चौकोनात काढलेलं असल्यामुळे मी बाड मिटलं आणि मालकांना विचारलं, “सर, एका दमात किती लांब जायचंय? किती माणसं घेऊन? आणि किनाऱ्याला न लागता किती दिवस?”

ते म्हणाले, “वीस नॉट तरी पाहिजेत.”

एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण नवी मोटर यॉट बांधून घेणारा जवळजवळ प्रत्येक जण इथूनच सुरुवात करतो, म्हणून मीही वेगापासूनच सुरुवात करतो.

पाणी कापत जाणाऱ्या बोटीच्या वेगाला तिच्या लांबीचा लगाम असतो. विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरनं १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला टॉर्कीला लांबलचक टाकी बांधली, तिच्यात पॅराफिन मेणाची मॉडेलं ओढली आणि हे मोजूनमापून दाखवलं. बोट पुढे जाताना लाट उठवते. वेग वाढला की लाटेची लांबीही वाढते. ती लांबी बोटीच्या पाणरेषेएवढी, म्हणजे पाण्याच्या पातळीवरच्या बोटीच्या लांबीएवढी, झाली की बोट आपणच उठवलेल्या लाटेचा चढ चढायला लागते. ढोबळ हिशेब असा: पाणरेषेची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ नं गुणा. आमची पाणरेषा २२.५ मीटर, म्हणजे सुमारे ७४ फूट. वेग निघाला साडेअकरा नॉट. त्यापुढे जायचं तर बोटीला पाण्यावर उचलून धरावं लागतं. त्यासाठी तळ वेगळा लागतो, वजन कमी लागतं आणि ताकद कित्येक पट लागते.

मी मालकांसमोर कागदावर तीन ओळी लिहिल्या. ९ नॉटला या बोटीला शाफ्टवर, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्यावर, साधारण १३० किलोवॅट लागतील. डिझेल इंजिन एका किलोवॅट-तासाला पाव लिटरच्या आसपास तेल खातं, म्हणजे तासाला ३२ लिटर. जनरेटरचे ४ धरून ३६, म्हणजे मैलाला ४ लिटर. ११ नॉटला लागतील ३०० किलोवॅट, तासाला ७९ लिटर, मैलाला सात लिटरच्या वर. टाकी १४,००० लिटरची. त्यातला दहावा भाग हात न लावता ठेवायचा. पहिल्या वेगानं ३,१०० सागरी मैलांच्या वर पल्ला मिळतो, दुसऱ्या वेगानं साधारण साडेसतराशे. दोन नॉटसाठी पल्ला जवळजवळ अर्धा होतो. वीस नॉटची बोट घेतली तर याच लांबीला दोन हजार किलोवॅटच्या घरातली इंजिनं बसवावी लागतील, आणि मग पल्ला शेकड्यांत मोजायचा.

अटलांटिक कॅनरी बेटांकडून कॅरिबियनकडे ओलांडायचा तर सुमारे २,७०० मैलांची वाट आहे. मालकांच्या मनात ती वाट होती हे मला त्या दिवशी कळलं. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. पुढच्या बैठकीत वीस नॉटचा विषय निघाला नाही.

नेव्हल आर्किटेक्टनं पुढे बल्ब सुचवला होता, म्हणजे नाळेखाली, बोटीच्या पुढच्या टोकाखाली, पाण्यात असतो तो फुगवटा. ही कल्पना अमेरिकन नौदलाच्या डेव्हिड टेलर यांनी १९१० च्या ‘डेलावेअर’ या युद्धनौकेवर आणली. बल्ब आपली वेगळी लाट उठवतो आणि ती नाळेच्या लाटेला मारते. ठरलेल्या वेगाला आणि ठरलेल्या भाराला तो फायदा देतो. हळू चालताना तो नुसतं ओझं होतो, आणि समोरून लाट आली की पाण्याबाहेर येऊन आपटतो. आमच्यासारख्या लहान बोटीत हे आपटणं पुढच्या केबिनमध्ये झोपलेल्या माणसाला सोसावं लागतं. आम्ही बल्ब सोडला आणि सरळ, धारदार नाळ घेतली. पाणरेषाही लांबली.

लांबीचा प्रश्न निराळ्या वाटेनंही येतो. २४ मीटरवर नियमांची एक भिंत आहे. ती टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीची नसून लोड लाइन लांबीची आहे. मोल्डेड खोलीच्या, म्हणजे तळापासून डेकपर्यंतच्या उंचीच्या, ८५ टक्क्यांवरची पाणरेषा घ्यायची आणि तिची ९६ टक्के लांबी काढायची. त्याच रेषेवर नाळेपासून सुकाणूच्या दांड्याच्या अक्षापर्यंतचं अंतर मोजायचं. दोन्हीतलं जे जास्त ते धरायचं. म्हणून आमची बोट एकूण २४.९ मीटर असूनही भिंतीच्या अलीकडे राहिली. पलीकडे गेलं की मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचा टियर थ्री हा कडक टप्पा लागू होतो. निव्वळ हौसेसाठी वापरायच्या, ५०० ग्रॉस टनाखालच्या यॉटना असलेली सवलत १ जानेवारी २०२१ ला संपली. तेव्हापासून बांधलेल्या अशा बोटींना, उत्सर्जन नियंत्रण क्षेत्रांत जायचं असेल तर, १३० किलोवॅटच्या वरच्या इंजिनांचा नायट्रोजन ऑक्साइड कमी करावा लागतो. म्हणजे युरियाची टाकी आणि एक्झॉस्टमध्ये कपाटाएवढा कॅटॅलिस्ट. नियम चांगला आहे आणि मोठ्या बोटीत मी तो आनंदानं बसवीन. पण आमच्या आकाराच्या इंजिन रूममध्ये ते कपाट आलं असतं तर माणूस बाहेर राहिला असता.

धातूवर आम्ही दोन महिने घालवले. माझं मत पहिल्यापासून स्टीलचं. अॅल्युमिनियमची घनता स्टीलच्या एक तृतीयांश असते, आणि पळणाऱ्या बोटीला ते हवंच. आमची बोट पळणारी नव्हती. स्टील खडकावर घासलं तर वाकतं, सहसा फाटत नाही, आणि ते वेल्ड करणारा माणूस बहुतेक बंदरांत सापडतो. अॅल्युमिनियमच्या तळाला तांब्याचा अँटीफाउलिंग रंगसुद्धा चालत नाही, कारण खाऱ्या पाण्यात तांबं आणि अॅल्युमिनियम शेजारी आले की अॅल्युमिनियम झिजतं. हल, म्हणजे बोटीचं धड, स्टीलचा झाला. वरचं बांधकाम मात्र अॅल्युमिनियमचं, कारण वजन जेवढं उंच तेवढं महाग पडतं.

हे दोन धातू एकमेकांना वेल्ड होत नाहीत. मग जोडायचे कसे? त्यासाठी एक पट्टी मिळते. तिची खालची बाजू स्टीलची आणि वरची अॅल्युमिनियमची असते, आणि दोन्ही थर स्फोटाच्या दाबानं एकमेकांत बसवलेले असतात. तिचा तुकडा मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा कडेला दोन धातूंमधली रेघ बोटानं चाचपली. रेघ सरळ नव्हती, ओल्या वाळूवर लाटांच्या खुणा राहतात तशी नागमोडी होती. स्फोटात एक पत्रा दुसऱ्यावर एवढ्या वेगानं आदळतो की धातू क्षणभर पातळ पदार्थासारखा वागतो, आणि त्या लाटा तशाच गोठतात. आमच्या बोटीभोवती, डेकच्या कडेनं, ही पट्टी फिरवलेली आहे. तिच्याजवळ वेल्डिंग करताना उष्णता जपावी लागते, नाहीतर थर सुटतात. मी बोट बांधणाऱ्या यार्डातल्या वेल्डरांबरोबर त्या कामावर आठ दिवस उभा होतो.

आता वजनाबद्दल. माझा जीव सगळ्यात जास्त या विषयात अडकलेला असतो.

मॅडमना वरच्या डेकवर गरम पाण्याचा टब हवा होता. सहा माणसांचा. मी तो नाकारला नाही. मी फक्त गणित मांडलं. पाणी १,२०० किलो, टब आणि खालचा आधार मिळून ६००. एकूण १.८ टन, कीलपासून, म्हणजे तळाच्या कण्यापासून, सात मीटर उंचीवर. बोट ११५ टनांची आणि तिचा गुरुत्वमध्य कीलपासून २.९ मीटरवर. एवढ्या एका टबानं गुरुत्वमध्य सहा सेंटीमीटरनं वर जातो. ऐकायला काहीच नाही. पण बोट ज्याच्या जोरावर सरळ उभी राहते ती मेटासेंट्रिक उंची आमच्या बोटीत सारी मीटरभरही नाही. त्यातले सहा सेंटीमीटर टबाला द्यायचे? शिवाय बोट कलली की टबातलं पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि ती आणखी कलते. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा. कुठलीही एक वस्तू बोट बुडवत नाही, पण प्रत्येकाची एकेक आवडती वस्तू वर चढत जाते.

‘वासा’ हे स्वीडनच्या राजाचं जहाज १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच फेरीत, बंदरातच, सव्वा किलोमीटरच्या आसपास जाऊन बुडालं. त्याआधी तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेला पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतकं हलायला लागलं की चाचणी मध्येच थांबवली. माहिती सगळ्यांना होती. थांबवायचं कुणी, हा प्रश्न होता. म्हणून करार करतानाच मी एक कलम आग्रहानं घालून घेतलं: बोटीत येणारी प्रत्येक वस्तू वजनकाट्यावरून जाईल, तिची नोंद वजन आणि उंचीसकट ठेवली जाईल, आणि दर महिन्याला तो तक्ता आर्किटेक्टच्या अंदाजाशी ताडला जाईल. यार्डाला हे जिकिरीचं वाटलं. चौथ्या महिन्यात त्या तक्त्यानंच आम्हाला सांगितलं की सुतारकाम अंदाजापेक्षा ९०० किलोंनी पुढे गेलंय.

मग जिथं जमेल तिथं वजन काढलं. बाथरूमला वीस मिलिमीटर जाडीचा संगमरवर ठरला होता. तो एका चौरस मीटरला ५४ किलो भरतो. त्याऐवजी पाच मिलिमीटरचा पापुद्रा अॅल्युमिनियमच्या मधाच्या पोळ्यासारख्या पत्र्यावर चिकटवून घेतला. डोळ्यांना तोच दगड, वजन तिसऱ्या हिश्श्याच्याही आत. दरवाजांच्या पोटातलं भरीव लाकूड काढलं. टब खालच्या डेकवर, मागच्या बाजूला आला आणि चार माणसांचा झाला. मॅडम आता म्हणतात की तिथं वाराही कमी लागतो.

हे सगळं खरं किती, ते इन्क्लायनिंगच्या, म्हणजे बोट मुद्दाम कलवून पाहायच्या चाचणीच्या, दिवशी कळतं. बोट पाण्यात उतरलेली, पहाटेची वेळ, वारा पडलेला, दोर सैल सोडलेले. सलूनच्या छतापासून अडीच मीटरचा ओळंबा खाली सोडलेला. त्याच्या लोखंडी वजनाला पत्र्याचे पंख लावलेले आणि ते तेलाच्या बादलीत बुडवलेलं, म्हणजे झोके लवकर निवतात. दोराच्या मागे मिलिमीटरची पट्टी. बोटीवर मोजकी माणसं, प्रत्येकानं आपल्या खुणेवर उभं राहायचं. मग डेकवरची ६०० किलोंची लोखंडी वजनं एका बाजूनं उचलून चार मीटर पलीकडे ठेवली. बोट हळूच कलली. डोळ्यांना जाणवणारही नाही एवढी, जेमतेम सव्वा अंश. मी श्वास रोखून दोराकडे बघत होतो. दोर सरकला, डोलला, तेलात शांत झाला आणि ५७ मिलिमीटरवर थांबला. आर्किटेक्टनं तिथल्या तिथं आकडा काढला, मेटासेंट्रिक उंची ०.९२ मीटर. अंदाज ०.९० चा होता. वजनं परत हलवून तीच चाचणी आठ वेळा घेतली आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं. त्या दिवशी मी दुपारी दोन तास गाढ झोपलो. कित्येक महिन्यांत तशी झोप लागली नव्हती.

ही उंची जेवढी जास्त तेवढी बोट चांगली, असं मात्र नाही. ती फार वाढली तर बोट ताठ होते आणि झटके देत डोलते. आमच्या ६.६ मीटर रुंदीला ०.९२ म्हटल्यावर एक डोलणं साडेपाच सेकंदांचं होतं. उंची १.३ असती तर साडेचार-पावणेपाच सेकंदांचं झालं असतं. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण ओट्यापाशी उभ्या माणसाच्या गुडघ्यांना तो पहिल्या तासात कळतो.

डोलणं आवरायला फिन, म्हणजे पाण्याखालचे हलते पंख, किंवा जायरो, यावर बैठकीत बराच वाद झाला. फिनची ताकद वेगाच्या वर्गानं वाढते, त्यामुळे चालत्या बोटीत ते उत्तम. पण ते बाहेर आलेले असतात, दोरात आणि जाळ्यात अडकतात आणि थोडा वेगही खातात. नांगरलेल्या बोटीत त्यांना वल्ह्यासारखं हलवावं लागतं, त्यासाठी ते मोठे हवेत आणि यंत्रणा दणकट हवी. जायरो आतच असतो. बंद डब्यात जड चाक भरधाव फिरतं आणि बोट नांगरलेली असली तरी काम करतं. पण चाकाला वेग धरायला अर्धा-पाऊण तास लागतो, वीज सतत लागते आणि एकाच जागी मोठा जोर येतो म्हणून खालचा सांगाडा बळकट करावा लागतो. लांबच्या वाटेवर दिवस न् दिवस चालायचं म्हणून आम्ही फिन घेतले, पण बिल्ज कीलच्या, म्हणजे तळाच्या कुशीवरच्या पट्टीच्या, आडोशाला, बोटीच्या रुंदीच्या बाहेर न येतील असे.

आता त्या करड्या चौकोनाकडे येतो.

निवृत्तीनंतर मी एका यॉटवर काही महिने काम केलं होतं. ती कुणी बांधली ते सांगत नाही. तिच्या जनरेटरचं समुद्राच्या पाण्याचं गाळणं टाकीच्या मागे बसवलं होतं. तिथं पोचायला पोटावर पडून हात खांद्यापर्यंत घालावा लागे, गाल गरम पायपाला टेके आणि झाकणाचं नट डोळ्यांनी न बघता बोटांनी चाचपून फिरवावं लागे. गाळण्याआधीचा व्हॉल्व्ह मी बंद करायला गेलो तर तो हललाच नाही. चार वर्षं कुणी फिरवलाच नव्हता. तो व्हॉल्व्ह म्हणजे बोटीच्या तळाचं भोक बंद करायची एकमेव सोय. पाईप फुटला असता तर ते पाणी थांबवायला दुसरं काहीही नव्हतं. तिथं काम करणारी माणसं आळशी नव्हती. जिथं हात पोचत नाही तिथलं काम उद्यावर जातं, मग परवावर, आणि शेवटी कुणाला आठवतही नाही.

म्हणून या वेळी मी यार्डाकडून शेडमध्ये अख्खी इंजिन रूम प्लायवूड आणि पुठ्ठ्यात उभी करून घेतली, पूर्ण मापात. थ्रीडी ड्रॉइंग होतं, चांगलं होतं, पण ड्रॉइंगमध्ये कोपर नसतं. पुठ्ठ्याचं इंजिन, पुठ्ठ्याचा गिअरबॉक्स, प्लायचे जनरेटर, जमिनीवर खडूनं आखलेले फ्रेम, म्हणजे बोटीच्या फासळ्या. मी ओव्हरऑल चढवला, खिशात पान्हे घातले आणि तेलाच्या फिल्टरचा खरा डबा घेऊन आत गेलो. कामांची यादी केली होती: फिल्टर बदलणं, इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चक्र) बदलणं, बेल्ट ताणणं, इंजेक्टर काढणं, प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण फिरवणं. प्रत्येक काम हातांनी करून पाहायचं. आमच्या क्रूतला सगळ्यात धिप्पाड मुलगाही बरोबर घेतला होता, कारण बारीक माणूस कुठंही मावतो आणि चुकीची कल्पना देतो.

दुसऱ्या दिवशी गाडं अडलं. मुख्य इंजिन बंद पडलं तर घरी आणणारं छोटं विंग इंजिन डाव्या बाजूला होतं. त्याच्या इम्पेलरचं झाकण बल्कहेडकडे, म्हणजे दालनांमधल्या भिंतीकडे, तोंड करून, अकरा सेंटीमीटरवर. हात आणि पाना मिळून पंचवीस तरी लागतात. इंजिन अठरा सेंटीमीटर आत घ्यायचं आणि तेलाचे पाईप दुसऱ्या बाजूनं न्यायचे म्हटलं तर बल्कहेड पुढे सरकवावं लागत होतं, आणि बल्कहेडच्या पलीकडे मालकांचं कपडे ठेवायचं दालन.

“चीफ, अठरा सेंटीमीटरसाठी माझं कपाट कापता?” मालकांनी विचारलं.

मी त्यांना बूट काढून आत यायला सांगितलं. ते आले. मी पान्हा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “सर, या झाकणाचे सहा बोल्ट आहेत. रात्र आहे, बोट डोलतेय, मोठं इंजिन बंद पडलंय. एक बोल्ट काढून दाखवा.” त्यांनी प्रामाणिकपणे दहा मिनिटं प्रयत्न केला. त्यांच्या मनगटाला प्लायचा ओरखडा आला. बाहेर येऊन त्यांनी आर्किटेक्टला सांगितलं, “वीस घ्या.”

मुख्य इंजिन एकच घ्यायचं, हा निर्णय सोपा नव्हता. दोन इंजिनांनी धक्क्याला बोट फिरवणं सोपं जातं आणि एक बंद पडलं तर दुसरं असतं. पण दोन्ही एकाच टाकीतलं तेल पितात, आणि तेलात पाणी शिरलं तर दोन्ही एकदमच थांबतात. एका इंजिनाला मोठा, हळू फिरणारा प्रोपेलर देता येतो आणि मोठा, हळू प्रोपेलर तेवढ्याच ताकदीत सहसा जास्त काम करतो. शिवाय तो कीलच्या मागे सुरक्षित राहतो. आम्ही एक मुख्य इंजिन घेतलं, ४०० किलोवॅटचं आणि सतत चालवण्याच्या रेटिंगचं. हौशी बोटींचं रेटिंग वेगळं असतं. तेच इंजिन जास्त ताकद देतं, पण ती तासाभरापुरती. विंग इंजिनाला स्वतःचा शाफ्ट, स्वतःचा मिटणारा प्रोपेलर, स्वतःची टाकी आणि स्वतःची बॅटरी आहे. ते आठवड्याला अर्धा तास, भार देऊन, चालवायचं असा नियम मी लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

प्रोपेलर १.३५ मीटरचा आणि त्याच्या टोकापासून तळापर्यंत २७ सेंटीमीटर मोकळे. आधी चार पात्यांचा ठरला होता. समुद्रात चालताना शाफ्ट मिनिटाला ३०० फेरे घेतो, चार पाती म्हणजे सेकंदाला २० ठोके. मागच्या केबिनच्या जमिनीची स्वतःची कंपनसंख्या तिथंच येत होती. पाच पात्यांचा घेतला, ठोके २५ झाले आणि जमीन गप्प राहिली.

मुख्य इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत आणायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. तळाच्या बाहेरच्या नळ्यांतून गोडं पाणी फिरतं आणि थंड होऊन परत येतं. एक्झॉस्ट कोरडा, सरळ वर चिमणीतून. यामुळे तळाची भोकं कमी होतात, आणि बाकीची गरज एकाच सी-चेस्टमधून, म्हणजे समुद्राचं पाणी घ्यायच्या तळातल्या पेटीतून, भागते. पण कोरड्या एक्झॉस्टची किंमत म्हणजे तो सलूनच्या मधोमध वर जातो. मोठ्या जहाजांवर २२० अंशांच्या वर तापणारा प्रत्येक पृष्ठभाग झाकावा लागतो, तोच नियम आम्ही इथं धरला, त्यामुळे आवरणासकट तो खांब चांगलाच जाड झाला. सजावट करणाऱ्या बाईंना तो डोळ्यांसमोर नको होता. तीन आठवडे पत्रव्यवहार चालला. शेवटी त्यांनीच त्या खांबाभोवती पुस्तकांची कपाटं बसवली, आणि आता सलूनमध्ये आलेला माणूस आधी तिथंच जातो.

जनरेटरबद्दल थोडक्यात. यार्डाला दोन सारखे, मोठे हवे होते. डिझेल इंजिन कमी भारावर तासन् तास चालवलं की सिलिंडरचे लायनर काचेसारखे गुळगुळीत होतात आणि इंजिन वंगणाचं तेल जाळायला लागतं. म्हणून आम्ही एक २५ आणि एक ४० किलोवॅटचा घेतला, आणि जोडीला ६० किलोवॅट-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. नांगरलेल्या बोटीत रात्रीची गरज ५ किलोवॅट धरली तर नऊ तास कुठलंही यंत्र लावावं लागत नाही.

आणि टाक्या. प्रत्येक टाकीला ६०० बाय ४०० मिलिमीटरचं मॅनहोल, आणि आतल्या आडव्या पडद्यांनाही. एका टाकीवर मॅनहोलच्या नेमकं वर जिन्याची पायरी येत होती. जिना हलवला. मुख्य इंजिनाच्या वर सलूनच्या जमिनीत बोल्टनं बसवलेला मोठा पत्रा आहे. गालिचा गुंडाळला, पत्रा काढला की इंजिन क्रेननं सरळ वर उचलता येतं. तो पत्रा बोटीच्या हस्तांतराआधी एकदा प्रत्यक्ष काढून दाखवायचा, हेही करारात होतं. काढला. बारा जण लागले आणि चार तास.

चाचणीच्या फेरीत वेग ११.२ नॉट मिळाला आणि तेलाचा आकडा माझ्या पहिल्या कागदापेक्षा किंचित चांगला आला. आवाजानं मात्र निराश केलं. मालकांच्या केबिनमध्ये ५० डेसिबल ठरले होते, मोजले तर ५८. इंजिन रबरी पायांवर, जमीन तरंगती, इन्सुलेशन भरपूर, मग आवाज येतोय कुठून? मी लाकडी दांडका घेतला, एक टोक बल्कहेडला आणि दुसरं कानाला लावून फ्रेम-फ्रेम पुढे सरकलो. सतराव्या फ्रेमपाशी आवाज एकदम मोठा झाला. फिनच्या हायड्रॉलिक पाईपचा एक क्लॅम्प, रबराशिवाय, सरळ बल्कहेडवर बोल्टनं आवळलेला. रबर घालून परत मोजलं, ५२. उरलेले दोन डेसिबल एका दरवाजाच्या फटीतून निघाले.

बोट आता दोन उन्हाळे फिरते आहे. बो थ्रस्टरच्या, म्हणजे बोटीचं पुढचं टोक आडवं ढकलणाऱ्या छोट्या प्रोपेलरच्या, बोगद्याचा आवाज अजून मला पटलेला नाही. धक्क्याला लागताना पुढच्या केबिनमधला माणूस हमखास जागा होतो. बोगद्याच्या तोंडाच्या कडा पुरेशा गोल नाहीत असा माझा अंदाज आहे. पाणी तिथं कडेवरून वळताना फाटतं आणि बुडबुडे फुटतात. आर्किटेक्टचं म्हणणं आहे की दोष पात्यांच्या टोकांत आहे. पुढच्या ड्राय डॉकला आधी कडा घासायच्या ठरल्या आहेत, पाती त्यानंतर. मोजमापाचं यंत्र तेच आणायला मी सांगितलंय, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतील.